थंडीतला गोबरगॅस
थंडीत गॅस निम्म्यावर येतो म्हणून टाकी बुजवायचं म्हणताय, पण एवढी घाई करू नका. पारा 15 अंशांखाली उतरला की शेणातले जिवाणू मंदावतात, मरत नाहीत. आमची आई डिसेंबरात शेण दुपारीच कालवायची, तेही उन्हात तापलेल्या पाण्यात. घुमटावर कडब्याचा जाड थर असायचा. ज्योत फडफडत असेल तर नळीत पाणी साचलंय, ते आधी काढा.

गुरं किती उरलीत तुमच्याकडे? 2 घनमीटरच्या टाकीला रोज साधारण 50 किलो ताजं शेण लागतं, आणि तेवढंच पाणी. दोनच जनावरं असतील तर खरं दुखणं तिथे आहे. स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर टाकीतून बाहेर येणारं पातळ शेण, मात्र वाया घालवू नका, आमची वांगी तिच्यावरच पोसली.