मदत हवी आहे: मराठी पालकांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी कॅनडात, ऑन्टारियोत सहावीला शिकवते. मधल्या सुट्टीत काही मुलं तोंडावर हात आपटत, ‘रेड इंडियन’ ओरडत एका अनिशिनाबे (इथला एक मूलनिवासी समाज) मुलीच्या मागे लागली. त्यांत आपली मराठी मुलंही! पालक म्हणाले, "पोरखेळ हो, आणि त्या निवासी शाळांशी आपला काय संबंध?" सरकार आणि चर्चच्या त्या शाळांनी मूलनिवासींची दीड लाखाहून जास्त मुलं घरापासून तोडली, शेवटची शाळा बंद व्हायला १९९०चं दशक उजाडलं. मला हे फार लागलंय.

३० सप्टेंबरला, त्या शाळांतल्या मुलांच्या स्मरणदिनी, वर्गात विषय घेणारच, पण त्या मुलीला "तू सांग" म्हणून उभं करायचं नाही. तिच्या समाजातल्या जाणत्यांना त्यांच्या रीतीप्रमाणे मान म्हणून तंबाखू देऊन बोलवेन. इथल्या शिक्षकांनो, पालकांशी तुम्ही नेमकं काय बोललात? आणि त्या मुलांकडून नुसतं ‘सॉरी’ वदवून घेण्यापलीकडे काय केलंत?