वॉटर पोलोचे विश्वविजेतेपद आणि नागपूरचे उथळ तलाव

जुना गोलरक्षक, महाल

जुलै २०२५ मध्ये सिंगापूरला झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पुरुषांच्या वॉटर पोलोचा, म्हणजे पोहत पोहत चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलात मारण्याच्या खेळाचा, अंतिम सामना धरमपेठवासी यांनी मुलाच्या आग्रहाखातर पाहिला आणि काल येथे लिहिले की, हा खेळ म्हणजे "एकमेकांना पाण्यात बुडवण्याचा परवाना" आहे. पाच-सहा युरोपीय देश चषक आपसांतच फिरवतात, त्याला जागतिक म्हणू नये, आणि अशा खेळासाठी नागपुरात सार्वजनिक पैशातून खोल तलाव मागणे ही उधळपट्टी आहे, असेही त्यांचे म्हणणे आहे. उत्तर द्यावे की नाही, याचा मी रात्री बराच विचार केला. परंतु बारा वर्षे गोलात उभे राहिलेल्या माणसाला हे मुकाट्याने गिळता येत नाही.

खरे तर "उभे राहिलेल्या" हा शब्दही चुकीचाच आहे. आठ-आठ मिनिटांच्या चार सत्रांत खेळाडूला तळाला पाय टेकून खेळता येत नाही. गोलरक्षकाला आपल्या क्षेत्रात नियमाने ती सूट आहे, पण दोन मीटर खोल पाण्यात ती कागदावरच राहते. आपल्याकडे ज्याला उभे पोहणे म्हणतात, त्यातच हे सगळे घडते : ताकात रवी फिरावी तसे दोन्ही पाय आळीपाळीने आतून बाहेर फिरत राहतात, आणि त्या बळावर माणूस छातीपर्यंत, कधी बेंबीपर्यंत पाण्याबाहेर उसळून साडेचारशे ग्रॅमपर्यंतचा चेंडू एका हाताने फेकतो. दोन्ही हातांनी चेंडू धरण्याची मुभा गोलरक्षकाखेरीज कोणालाही नाही.

आता बुडवण्याविषयी. ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच धरता, दाबता आणि बुडवता येते. त्याने चेंडू सोडला की तत्काळ हात काढावा लागतो, नाहीतर पंचांची शिट्टी वाजते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला अंगणात पकडतात, त्याला आपण मारामारी म्हणत नाही. पकड म्हणतो आणि तिचे कौतुक करतो. चेंडू नेमका केव्हा सोडायचा, म्हणजे समोरच्याचा हात आपल्या अंगावर राहील आणि फाउल त्याच्या नावावर लागेल, हे शिकण्यात माझी पहिली तीन वर्षे गेली. सिंगापूरच्या अंतिम सामन्यात स्पेनने हंगेरीला १५-१३ असे हरवले, त्यातील निम्मे गोल या एका कौशल्याच्या आधाराने उभे राहिले, असे माझे मत आहे.

मोजक्याच देशांचा मुद्दा खरा आहे, परंतु ते देश केवढे आहेत ते पाहावे. माँटेनेग्रोची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास आहे. आपल्या नागपूर शहराची २०११ च्या जनगणनेत चोवीस लाख होती. त्या देशाने २००८ मध्ये युरोपचे अजिंक्यपद जिंकले आणि २०१३ मध्ये जागतिक स्पर्धेचे रौप्यपदक मिळवले. तिथल्याच कोटर या समुद्रकाठच्या चिमुकल्या गावाच्या क्लबने २००९ मध्ये युरोपातील सर्व क्लबांना मागे टाकले. तिथे पैसा उतू जात होता असे नाही. तिथे गावाच्या मध्यभागी खोल पाणी होते आणि संध्याकाळी मुले त्यात असत.

धरमपेठवासी

काका, आपल्या अनुभवाविषयी मला आदर आहे, परंतु आपण सोयीचे तेवढेच मांडले आहे. १९७३ मध्ये बेलग्रेडला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हापासून आजवर एकाही बिगर-युरोपीय संघाने पुरुषांचे विजेतेपद मिळवलेले नाही. सिंगापूरमध्ये सोळा संघ होते, जपान, चीन आणि यजमान सिंगापूरही होते. तरी अंतिम सामन्यात स्पेन आणि हंगेरीच.

हिंसेविषयी म्हणाल, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हंगेरी आणि सोव्हिएत संघ यांच्या सामन्यात हंगेरीच्या एर्विन झाडोर यांच्या डोळ्याखालून रक्त वाहत होते, हे चित्र जगाने पाहिले आहे. जुने उदाहरण नको असेल, तर पॅरिस २०२४ घ्या. इटलीच्या फ्रान्चेस्को कोंदेमी यांनी हंगेरीविरुद्ध गोल केला आणि चेंडू फेकल्यानंतर त्यांचा हात प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर बसला, म्हणून त्यांना बाहेर काढण्यात आले, गोल रद्द झाला, हंगेरीला पेनल्टी मिळाली आणि इटलीला चार मिनिटे एक खेळाडू कमी ठेवून खेळावे लागले. पुढच्या सामन्याआधी इटलीच्या खेळाडूंनी पंचांकडे पाठ फिरवली. ज्या खेळात पंचांना आणि खेळाडूंनाच मारणे कोणते आणि फेकणे कोणते यावर एकमत करता येत नाही, तो मी माझ्या मुलाला का शिकवावा?

आणि माझा मूळ प्रश्न तसाच आहे. या शहरातील बहुसंख्य मुलांना पोहताच येत नाही. आधी ते शिकवावे की मूठभरांसाठी दोन मीटरचा तलाव खोदावा?

जुना गोलरक्षक, महाल

मेलबर्नचा तो सामना ६ डिसेंबरला झाला आणि त्याच्या महिनाभर आधी हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे फिरले होते. ते रक्त खेळाच्या नियमांतून आलेले नव्हते. कोंदेमी यांच्या प्रसंगातून तर माझेच म्हणणे सिद्ध होते : ज्या खेळात मारण्याची मुभा असते, तिथे नकळत लागलेल्या हाताची एवढी जबर शिक्षा होत नसते. शिक्षा अन्यायाची होती असे मलाही वाटते, पण तो वेगळा प्रश्न आहे.

भारताचेही सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपण चिलीला ७-४ असे हरवले आणि त्यातील चार गोल सचिन नाग यांचे होते. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण सुवर्णपदक जिंकले, १९७० मध्ये रौप्य आणि १९८२ मध्ये कांस्य. हा खेळ परका म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

धरमपेठवासी

१९५१ च्या त्या स्पर्धेत वॉटर पोलोला भारत आणि सिंगापूर असे दोनच संघ होते. हे सांगितल्याशिवाय त्या सुवर्णपदकाचा दाखला देणे योग्य नव्हे.

पालक, मानेवाडा

दोघांचेही वाचले. माझ्या मुलाचे काय झाले ते सांगते, म्हणजे प्रश्न युरोपचा नसून फुटांचा आहे हे कळेल.

तो अकराव्या वर्षापासून खेळतो. आम्ही ज्या तलावावर जातो, त्याची एक बाजू साडेतीन-चार फूट आहे आणि दुसरी जेमतेम साडेपाच. सराव उथळ बाजूला होतो, कारण खोल बाजूला त्या वेळी मोठ्यांची बॅच असते. मुले तळावर पाय टेकवूनच चेंडू फेकतात, धावल्यासारखी चालतात, आणि प्रशिक्षकही बिचारे "पाय उचला, पाय उचला" असे ओरडून थकतात. गेल्या वर्षी निवड चाचणीसाठी त्याला दुसऱ्या शहरात नेले. तिथला तलाव सगळीकडे सारखा खोल. पहिल्या तीन मिनिटांत त्याने छान दोन पास दिले. मग मला गॅलरीतून दिसले की त्याची हनुवटी पाण्याच्या रेषेवर आली आहे, मग ओठ, मग तो चेंडूकडे न पाहता काठाकडे पाहू लागला. आठ मिनिटांचे सत्र संपायच्या आत त्याने स्वतः हात वर केला. बाहेर आला तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत होत्या आणि तो मला एवढेच म्हणाला, "आई, खाली जमीनच नव्हती."

नियमाने किमान १.८ मीटर खोली लागते. आमच्या मुलांनी ती आधी कधी पाहिलेलीच नसते. म्हणून विदर्भातील मुले चाचणीत मागे पडतात आणि मग म्हणतात की इकडे गुणवत्ता नाही.

कन्हानकाठ

मानेवाड्याच्या ताई, आपल्या मुलाबद्दल वाईट वाटले. परंतु खोलीची मागणी करताना माझेही ऐका. माझा धाकटा भाऊ उन्हाळ्याच्या सुटीत मित्रांबरोबर नदीच्या डोहात उतरला आणि परत आला नाही. त्याला पोहता येत होते असे आम्ही समजत होतो. त्याला कमरेएवढ्या पाण्यात हातपाय मारता येत होते, एवढेच. त्यानंतर आमच्या घरात पोहणे हा शब्द कोणी काढत नाही, आणि माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. खोल तलाव बांधाल, आणि काठावर लक्ष ठेवायला माणूस नसेल, तर काय कराल? चषकाच्या गोष्टी मला ऐकवत नाहीत.

विहिरीत शिकलेला, सध्या प्रतापनगर

कन्हानकाठ यांच्या दुःखापुढे काही बोलू नये, तरी बोलतो, कारण त्यांच्याच गोष्टीत उत्तर आहे. त्यांच्या भावाला उथळ पाण्याने फसवले.

मी काटोलकडचा. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत पोहायला शिकलो. मामा पाठीला तेलाचा रिकामा डबा दोरीने बांधत, झाकण मेणाने बंद केलेले असे, आणि पायऱ्यांवरून सरळ ढकलून देत. चाळीस फूट पाणी. पहिल्या दिवसापासून खाली जमीन नाही हे अंगाला ठाऊक. आठवड्याने डब्यात थोडे पाणी भरत, मग अर्धा डबा, आणि एके दिवशी डबा सुटलेला असे व आपल्याला कळलेलेही नसे. उभे पोहणे आम्हाला कोणी वेगळे शिकवले नाही. विहिरीत पेरू खायचा तर दोन्ही हात रिकामे लागतात, म्हणून ते आपोआप आले. काकांनी रवीची उपमा दिली ती अगदी बरोबर आहे. शहरातल्या मुलांना फरशीवर उभे करून पोहायला शिकवतात, याचेच मला नवल वाटते.

धरमपेठवासी यांना एवढेच सांगतो की, बहुसंख्य मुलांना पोहता येत नाही हे त्यांना आज आठवले. चांगल्या क्लबचे सभासदत्व ज्यांच्या घरात आहे, त्यांनी इतरांच्या तलावाला उधळपट्टी म्हणू नये.

धरमपेठवासी

माझ्या घरात कोणते सभासदत्व आहे हे आपल्याला ठाऊक नाही. माझे वडील गिरणी कामगार होते आणि मला स्वतःला पोहता येत नाही. दर उन्हाळ्यात फुटाळा तलावाच्या काठावर मुले उड्या मारताना दिसली की मी गाडी थांबवून त्यांना हाकलतो, म्हणून मी तो प्रश्न विचारला. आणि डबा बांधून चाळीस फूट पाण्यात ढकलण्याचे कौतुक येथे करू नका. ज्यांचा डबा सुटला आणि जे वर आले नाहीत, ते चर्चेत लिहायला येत नाहीत.

विहिरीत शिकलेला, सध्या प्रतापनगर

सभासदत्वाविषयी लिहिले ते मागे घेतो. मामा दोर हातात धरून वर बसलेले असत, हे मी लिहायला हवे होते. दोर सोडून ते कधी विडी ओढायलाही उठले नाहीत. बाकी म्हणणे कायम आहे.

निवृत्त पंच, सक्करदरा

विहिरीवरून पुन्हा तलावावर येऊ. एक व्यवहाराची गोष्ट कोणीच सांगितलेली नाही. पुरुषांसाठी पूर्वी दोन्ही गोलरेषांमधील अंतर ३० मीटर असे. २०२५ पासून ते २५ मीटर झाले आहे. त्यामुळे ५० मीटरचा तलाव नसेल तर हा खेळ होणारच नाही, ही सबब आता चालत नाही. गोलरेषेमागे थोडी मोकळी जागा लागते, त्यामुळे २५ मीटरचा तलाव नियमाच्या मापात तंतोतंत बसणार नाही, पण सरावाला तो पुरेसा आहे. लांबी आपल्याकडे आहे. नाही ती खोली, आणि जिथे खोली आहे तिथे वेळ नाही. नवीन तलाव मागण्याआधी, असलेल्या तलावांची खोल बाजू आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांना मिळावी, ही मागणी करायला हवी. त्यासाठी एक फरशीही खोदावी लागत नाही.

धरमपेठवासी यांना सांगतो : पाण्याखालच्या कॅमेऱ्यातून दाखवतात तो भाग पुन्हा पाहा. वरून जी झटापट दिसते, तिच्याखाली चौदा माणसांचे पाय चक्रासारखे फिरत असतात. मी पंच असूनही ते चित्र पहिल्यांदा पाहिले, तेव्हा अनेक वर्षे आपण अर्धाच सामना पाहत होतो हे मला समजले.

धरमपेठवासी

पाहिले. काल रात्री मुलाबरोबर बसून पॅरिसचा अंतिम सामना पाहिला, सर्बियाने क्रोएशियाला १३-११ असे हरवले तो. चेंडू सोडल्याबरोबर हात निघतात हे या वेळी दिसले, कारण काय पाहायचे ते ठाऊक होते. बुडवण्याचा परवाना हे शब्द चुकीचे होते, एवढे मान्य करतो. विश्वविजेतेपदाला जागतिक म्हणायला माझा विरोध कायम आहे. आणि नव्या तलावावर खर्च नको, हेही कायम आहे. मात्र खोल बाजूची वेळ मुलांना द्यावी या अर्जावर मी सही करीन, त्यात न पोहता येणाऱ्या मुलांची बॅच पहिली असेल तर.

जुना गोलरक्षक, महाल

पहिली असू द्या. ज्या मुलाला उभे पोहता येते त्याला चेंडू द्यायला मला एक दिवस पुरतो. ज्याला येत नाही त्याला चेंडू देऊन उपयोग नाही. १९५१ चा दाखला मी अर्धवट दिला, ही माझी चूक झाली. लंडनचे चार गोल मात्र मी सोडणार नाही.

मानेवाड्याच्या ताई, मुलाला रविवारी सकाळी सहा वाजता पाठवा. अर्धा तास चेंडूशिवाय, दोन्ही हात पाण्याबाहेर ठेवून. पहिल्या दिवशी दोन मिनिटेही होणार नाहीत.

पालक, मानेवाडा

पाठवते. काल त्याला हे सगळे वाचून दाखवले. पेरूचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला.

कन्हानकाठ

सहा वाजता काठावर कोण असते? नुसते उपस्थित नव्हे. पाण्याकडे पाहत, हातात दोर घेऊन बसलेले. मुलीला आणायचे की नाही हे मी त्यावर ठरवीन.

विहिरीत शिकलेला, सध्या प्रतापनगर

मी असतो. दोर माझा.