देशपांडे हॉलमधले देशपांडे

मागच्या आठवड्यात नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला जायचं होतं. "देशपांडे हॉल" म्हटल्याबरोबर ऑटोवाल्यानं भाडं सांगितलं, पत्ता विचारायची त्याला गरजच नव्हती. वाटेत सहज विचारलं, हे देशपांडे कोण होते हो? "पाटीवर डॉक्टर लिहून हाय ना बाप्पा. असतीन मोठे डॉक्टर." मला हसू आलं. आत गेल्यावर शेजारच्या खुर्चीवरच्या कॉलेजच्या मुलीला तेच विचारलं, तर तिलाही ठाऊक नव्हतं. मग हसू ओसरलं. या हॉलमध्ये आपण गॅदरिंगं पाहिली, नाटकं पाहिली, कोणाकोणाचे सत्कार पाहिले. ज्याचं नाव दारावर आहे त्याचा आवाज मात्र कित्येकांच्या कानावरून गेलेला नाही.

म्हणून हा धागा. शास्त्रीय गायक वसंतराव देशपांडे. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. आईनं एकटीनं वाढवलं ते नागपुरात. गाण्याची सुरुवात शंकरराव सप्र्यांच्या विद्यालयात, म्हणजे इथेच. नंतर पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी, १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक, आणि १९८३ मध्ये गेले. एवढं सगळ्यांना वाचता येतं. मला हवी आहे ती तुमची 'जागा'. त्यांच्या गाण्यातली एक जागा, जिथे तुम्ही थबकलात, आणि त्यानंतर तुमच्यात काय बदललं. 'थोर होते' वगैरे नको. गाणारे-वाजवणारे असाल तर हात आखडता घेऊ नका.

माझी जागा 'दाटून कंठ येतो'मधली. मुलगी सासरी गेली त्या रात्री ऐकलं आणि बायकोपासून तोंड लपवायला कूलरमध्ये पाणी भरायला गेलो. कूलर भरलेलाच होता.

मूर्तिजापूरचा, आता मानेवाड्यात

लोकायले आमचं गाव मालूम ते शकुंतला रेल्वेगाडीमुळं. वसंतराव आमच्या गावचे हे मले बी मोठं झाल्यावर समजलं, ते बी नागपुरात. त्याच्याहून मजा म्हणजे कवी अनिलबी मूर्तिजापूरचेच, आन् तेबी देशपांडेच. एका देशपांड्यानं लिहिलं आन् दुसऱ्यानं गायलं, 'कुणी जाल का, सांगाल का'. चाल यशवंत देवांची. मी शेतकऱ्याचा पोरगा, मले रागबिग समजत नाही. पण ते गाणं लागलं की माह्या डोळ्यापुढं आमच्या टेसनावरचं लिंबाचं झाड येते. काऊन येते, मले विचारू नका.

महाल, तबला वाजवतो

हात आखडता घेऊ नका म्हणालात, म्हणून लांबण लावतो.

आम्ही तबलजी लोक गवय्यांकडे एका वेगळ्याच नजरेनं पाहतो. हा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो? बहुतेकांचं आधी कळतं. तान उचलली की चार मात्रा अलीकडेच आपल्याला घर दिसायला लागतं आणि आपण निर्धास्त ठेका धरून बसतो. वसंतरावांच्या रेकॉर्डबरोबर मी घरी वाजवायला बसलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि मला बरंच येतं असा समज होता. तीनतालाचं साधं मध्यलयीतलं काहीतरी. पहिल्या पाच मिनिटांत मी तीनदा हरवलो. ठेका माझा चुकत नव्हता, चुकत होता तो माझा अंदाज. तान सरळ येते आहे म्हणावं तर मधेच आडी, म्हणजे लयीला तिरकी, होते, आडी म्हणून आपण दबकावं तर ती तिथेच सोडून देतात, दोन मात्रा नुसते गप्प, आणि सम आल्यावर तिच्या अंगावर असे टेकतात की वाटावं इतका वेळ इथेच बसले होते. नंतर कळलं, ते स्वतः तबला वाजवत, आणि चांगला वाजवत. म्हणजे आमचं दुकान त्यांना आतून माहीत होतं.

आता फजिती. पुढे बऱ्याच वर्षांनी एका गणेशोत्सवात एका तरुण गायकाच्या साथीला बसलो. मुलगा गुणी. त्यानं वसंतरावांची एक तान रेकॉर्डवरून हुबेहूब पाठ केली होती. ती तेराव्या मात्रेवरून उचलायची. यानं उत्साहात बाराव्यावरून उचलली. तान अगदी तशीच, जागाही तीच, फक्त तो एक मात्रा आधी घरी पोचला. मी माझ्या समेवर. पेटीवाला बिचारा दोघांच्या मधे. पुढच्या रांगेतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "तिघंही या, सावकाश या."

त्या दिवशी मला उमगलं ते असं, की वसंतरावांनी ती तान पाठ केलेलीच नसणार. ती त्या आवर्तनात, त्या क्षणी सुचली असणार. पाठ करणाऱ्याच्या हाती तिचा साचा लागतो, ती उचलायची वेळ काही लागत नाही. तेव्हापासून मी साथीला बसलो की गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, मात्रा मोजत बसत नाही. माझे गुरुजी हेच पंधरा वर्षं सांगत होते, पण गुरुजींचं ऐकतो कोण.

प्रतापनगर, सरकारी हिशेब कार्यालयातून निवृत्त

मी गात नाही. माझी जागा गाण्यातली नाहीच, ती कारकुनीतली आहे. आयुष्यभर व्हाउचरं तपासली. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे आणि हळू आवाजात 'कट्यार'मधलं 'सुरत पिया की' म्हणायचे. साहेब आले की थांबायचे. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की वसंतरावही आपल्यासारखेच, जमा-खर्चाच्या वह्यांत अनेक वर्षं घालवलेले. त्यांनी पुढे नोकरी सोडली. आमच्या सहकाऱ्यांनी नाही सोडली. मीही काही सोडली नाही. पण तुम्हाला सांगतो, ताळेबंद जुळत नसला की मला त्या माणसाचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

रामदासपेठ

विरोधी सूर चालेल का? मी किराणा घराण्याच्या गाण्याचा माणूस. भीमसेनांचा एक षड्ज, म्हणजे सा, लागला की मला बाकी काही नको. वसंतरावांचं गाणं मला फार अस्वस्थ वाटतं. एका सुरावर जरा विसावा म्हणावं, तोवर ते पुढच्या गल्लीत. पंजाबी अंग आलं, टप्पा आला, मधेच दीनानाथांची आठवण देणारी फेक आली. "माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं," असं ते म्हणत म्हणे. भक्त लोक हे वाक्य टाळ्या घेत सांगतात. मला वाटतं, ते वाक्य ज्या माणसाला म्हणावं लागलं त्याला आधी किती दारांवरून परत पाठवलं असेल याचा विचार भक्त करत नाहीत.

एक कबुली मात्र देतो. 'बगळ्यांची माळ फुले' लागलं की मी रेडिओ बंद करत नाही. तिथे संगीतकार खळ्यांनी त्यांना बांधून ठेवलंय. बांधलेले वसंतराव मला आवडतात, हे ऐकून भक्तांनी मला खुशाल शिव्या द्याव्यात.

लक्ष्मीनगर, गाणं शिकवते

शिव्या देत नाही, पण 'अस्वस्थ' हा शब्द उचलते, कारण माझी जागा त्यातच आहे.

मारवा राग शिकताना मी रडकुंडीला आले होते. ज्यांनी शिकला नाही त्यांच्यासाठी सांगते: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच, आणि षड्जावर, म्हणजे जिथे जीव शांत होतो तिथेच, फार थांबायचं नाही. तानपुराही पंचमाऐवजी निषादाला लावतात. म्हणजे घराच्या भोवती फिरत राहायचं आणि उंबरा ओलांडायचा नाही. संध्याकाळी पाचच्या क्लासला मी तो गायचे आणि घरी जाताना उगाच उदास व्हायचे. बाईंना म्हटलं, मला यमन द्या. बाईंनी वसंतरावांचा मारवा ऐकायला दिला.

त्यांनी तो लहान वयात लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे घेतला. काही महिने फक्त मारवा, दुसरं काही नाही. आपल्याकडे पालक तिसऱ्या महिन्यात विचारतात, "मॅडम, परीक्षेला कधी बसवणार?" असो. मी ऐकायला बसले ती सुंदर काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. ऐकू आला तो रिषभ. तो रे नुसता लावलेला नव्हता, तो षड्जाकडे ओढ घेत होता आणि मुद्दाम जात नव्हता. माझी जी उदासी होती ती रागाची चूक नव्हती, माझीही नव्हती. रागच तो होता, आणि मी त्यातून पळ काढत होते.

आता माझ्याकडे मुली शिकायला येतात. मी त्यांना वसंतरावांची नक्कल करू देत नाही. त्यांच्या ताना वहीत उतरवून घेतलेल्या दिसल्या तर वही ठेवून घेते. मारवा मात्र पहिला त्यांचाच ऐकवते. एक मुलगी ऐकून म्हणाली, "मॅम, हे काका घरी का जात नाहीयेत?" तिला मी त्याच दिवशी मारवा सुरू केला.

गोकुळपेठ, हौशी नट

'कट्यार'चे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, आपले मास्तर, नागपूरचे. संगीत अभिषेकीबुवांचं. मूळ संचात वसंतराव खाँसाहेब आणि भार्गवराम आचरेकर पंडितजी. दोन घराण्यांच्या भांडणाचं नाटक, आणि त्यातला सगळ्यात कट्टर घराणेदार खाँसाहेब कोणी रंगवला, तर ज्याला कुठल्याच घराण्यानं आपलं म्हटलं नाही त्यानं. मास्तरांना ही गंमत दिसली नसेल असं मला वाटत नाही.

आम्ही कॉलनीच्या कार्यक्रमात त्यातले दोन प्रवेश केले. 'घेई छंद' हे पद तिथे दोनदा येतं. पंडितजींच्या घरचं संथ, सालगवराळी रागातलं. खाँसाहेब तेच धानी रागात घेऊन उडवतात. मला वाटलं, संथ अवघड आणि जलद सोपं, घसा मोकळा सोडला की झालं. मी खाँसाहेब. तालमीत आठव्या दिवशी घसा बसला. दिग्दर्शक म्हणाले, रेकॉर्ड लावू, तू ओठ हलव. ओठ हलवले. तेही जमले नाहीत! कुठे श्वास घेतात तेच कळेना. प्रयोगानंतर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अभिनय छान केला हो, फक्त तोंड उशिरा उघडत होतं."

हिंगणा, इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष

मी उलट्या रस्त्यानं आलो. आधी 'कट्यार'चा २०१५ चा सिनेमा, मग राहुल देशपांड्यांच्या मैफली, त्यातून त्यांच्या आजोबांकडे, म्हणजे वसंतरावांकडे. आधी मला जुनी रेकॉर्डिंगं नकोच वाटायची, खरखर फार. आता हेडफोन लावला की आधी खरखर ऐकू येते आणि बरं वाटतं. रूममेट म्हणतो, तुझं वय काय, तू ऐकून काय राहिला.

इतवारी, जुन्या टेपांचा नाद

वडिलांच्या कपाटात एक स्पूल सापडली. डब्यावर पेन्सिलीनं एवढंच: 'वसंतराव, घरगुती'. तारीख नाही, गाव नाही. वडील असताना ती एकदाच ऐकली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी "पंखा बंद करा" म्हणतं, एक लहान मूल रडतं, मग तानपुरा. राग मला तेव्हा कळला नव्हता. एवढं आठवतं की एका तानेनंतर गाणं थांबलं, सगळे हसले, आणि गाणाऱ्यानं तीच तान पुन्हा घेतली, पण वेगळीच घेतली. वडील उठून बसले होते.

धागा सुरू करणारा

इतवारीवाले, ती टेप अजून आहे का? लक्ष्मीनगरच्या बाई ऐकून राग सांगतील. महालवाले मात्रा मोजणार नाहीत म्हणालेत, पण मोजतीलच.

इतवारी

टेप आहे. मशीनही आहे. मशीनचा पट्टा तुटलाय, दोन वर्षं शोधतोय. सायकलच्या ट्यूबचा कापून लावून पाहिला, तर गाणारा कुणीतरी भलताच होतो.

महाल

पट्ट्याचं माप पाठवा. गांधीबागेत एक मेकॅनिक माहीत आहे, पण तो दुपारी चारनंतरच उठतो.