हाताने पैलू पाडलेले क्रिस्टलचे व्हिस्की ग्लास कसे पारखावेत? (नाशिक)

गोदाकाठ: सहा ग्लासांचा सेट बघितला आहे. सरळ भिंत, जाड बूड, एकाच बाजूला तिरके चर, एकदम आधुनिक डिझाइन. दुकानदार ‘हॅन्डमेड लेड क्रिस्टल’ सांगतोय, खोक्यावर मात्र काहीच छापलेलं नाही. हाताला चांगला जड लागतो. नमुन्याला एक ग्लास घरी आणलाय. काय तपासू? शिवाय घरात बोअरचं पाणी आहे.

काचकाम: वजनावर जाऊ नका, जाड बुडाची साधी काचही जडच लागते. आणि ‘हॅन्डमेड’ व ‘लेड क्रिस्टल’ (म्हणजे शिसं मिसळलेली काच) हे दोन वेगळे दावे आहेत.

आधी हातकाम बघा. चराच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. हिऱ्याच्या चाकावर कापलेली कड बोटाला धारदार लागते. साच्यात दाबलेली कड गोलसर असते, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी. मग ग्लास उजेडासमोर फिरवून उभी बारीक रेघ शोधा. ती बहुधा चरातच लपवलेली असते. रेघ दिसली तर साचा नक्की. न दिसली तरी हातकाम सिद्ध होत नाही, कारण साच्यात फिरवत फुंकलेल्या काचेवरही रेघ राहत नाही. टिचकीच्या आवाजावरही विसंबू नका, जाड बुडाचा ग्लास फार वेळ घुमत नाही.

पंचवटीकर: शिशासाठी घनता काढा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ग्लास कोरडा असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा. ग्लास दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता दिसेल तो आकडा म्हणजे बाजूला सरलेलं पाणी. कोरडं वजन भागिले हा आकडा. चरांत बुडबुडे अडकले तर घनता कमी येते, म्हणून ग्लास आडवा करून हवा काढून घ्या.

युरोपातल्या १९६९च्या नियमानुसार लेड क्रिस्टलला किमान २४ टक्के लेड ऑक्साइड आणि २.९० घनता लागते. साधी काच २.५च्या आसपास.

गोदाकाठ: कोरडा ३६३ ग्रॅम, पाण्यात १४२. कड धारदार आहे, रेघ नाही.

पंचवटीकर: म्हणजे २.५६. लेड क्रिस्टल नाही. पैलू हाताचे असू शकतात, तेव्हा किंमत त्या कामाचीच द्या, शिशाची नको. पिण्यासाठी हे उलट बरंच: शिशाच्या डिकँटरमध्ये दारू साठवली की शिसं हळूहळू उतरतं.

काचकाम: आता बोअरचं पाणी. क्षार चरांच्या तळाशी साचतात आणि काच दुधाळ दिसते. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पंधरा मिनिटं भिजवा, मऊ ब्रश चराच्या दिशेने फिरवा, शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्याने. लगेच सुती कापडाने पुसा; थेंब वाळू दिलात तर डाग पुन्हा येणारच. व्हिनेगरनेही धूसरपणा गेला नाही तर काच झिजली समजा, तो परत जात नाही. डिशवॉशरमध्ये नेमकं हेच होतं.

थंडीत जास्त जपा. कपाटातून काढलेल्या गार ग्लासवर थेट गिझरचं पाणी सोडलं की पातळ भिंत लगेच फुगते, जाड बूड मागे राहतं आणि बुडाच्या वर गोल तडा जातो. आधी कोमट पाणी. सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा. ग्लास एकात एक रचू नका, काठाला टवका तिथेच उडतो.