सड्यावर डेटा सेंटर येणार म्हणतात, ग्रामसभेत नेमकं काय विचारायचं?

रानमाणूस_पेडणे
नमस्कार मंडळी. चवथीपासून आमच्या गावात (पेडणे, गोवा) कुजबुज आहे की सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्याच्या माळावर, डेटा सेंटर येणार, आता पंचायतीत फाइल आलीय म्हणतात. आमचा पंच म्हणतो धूर नाही घाण नाही, नुसते कॉम्प्युटर ठेवलेले असतात, तुम्हाला त्रास कसला. पण सड्याखालच्या झरीवर दोन वाड्यांची कुळागरं (माडा-पोफळीच्या बागा) आणि वायंगण (उन्हाळी भातशेती) आहे, आणि नळाचं उन्हाळ्यात काय होतं ते पेडणेकरांना सांगायला नको. रविवारी ग्रामसभा. उठून विचारायचं काय? उगाच विकासविरोधी म्हणून शिक्का बसायला नको.

थंडगार_डिचोली
मी नवी मुंबईत याच लायनीत आहे. पंच अर्धं खरं बोलतो. धूर म्हणशील तर डिझेल जनरेटरची रांग असते, लाइट गेली की पेटते, आणि आपल्याकडे पावसात लाइट किती जाते! पण खरा मुद्दा गरमीचा. आत जाणारी सगळी वीज शेवटी उष्णताच होते, ती बाहेर काढावीच लागते. कूलिंग टॉवर असेल तर पाण्याची वाफ करून काढतात, एका युनिटला साधारण दीड लिटर. 10 मेगावॉट, म्हणजे या धंद्यात लहानच, फुल लोडवर दिवसाला 2,40,000 युनिट, म्हणजे 3,60,000 लिटर पाणी. 10,000 लिटरवाले 36 टँकर झाले, रोजचे. हवेवर थंड करायची सिस्टिमही असते, तिला पाणी नगण्य लागतं पण वीज जास्त खाते. त्यामुळे 'पाणी लागत नाही' म्हणाले तर खोटारडे म्हणू नकोस, कुठली सिस्टिम ते विचार, आणि लायसनच्या अटीत लिहून देणार का तेही.

सत्तरीची_माई
बाळा, पाणी कुठून आणणार हे आधी विचार. नळाचं, कालव्याचं की बोअरचं? तिळारी धरणाचा कालवा फुटला की बार्देशात कशी बोंब होते ते आठव. बोअर मारायची तर 2002 च्या भूजल कायद्याखाली परवानगी लागते, तो अर्ज केलाय का बघ. आणि सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे रे, जांभ्यात पाऊस मुरतो तोच खाली झरीला येतो, वर सिमेंट ओतलं तर बोअर न मारताही झर आटेल. आणखी एक, बांधकाम 20,000 चौ.मी. च्या वर गेलं तर पर्यावरण मंजुरी लागते, म्हणून 'फेज वन' एवढाच प्लॅन दाखवला तर पुढचे फेज पण मागून घे.

कामधंदा_हवा
सगळ्यालाच विरोध करा तुम्ही. पोरं बेंगलोरला जातायत, गावात काही आलं तर ते पण नको. म्हादई नदीचं पाणी कर्नाटक नेतंय तिथे जाऊन भांडा.

थंडगार_डिचोली
@कामधंदा_हवा राग समजतो रे बाब, पण बांधकाम संपलं की आत माणसं फार लागत नाहीत, सिक्युरिटी आणि थोडे टेक्निशियन. गावातले किती घेणार, कुठल्या पगारावर, हे पण रविवारीच विचारा की.

सत्तरीची_माई
म्हादईसाठी भांडतोच आम्ही. लवादाने 2018 मध्ये कर्नाटकला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं तेव्हापासून घसा सुकलाय, आणि इथे घरचीच झर कोणी मोजून बघायची नाही? विजेचं पण विचारा, लाइन कुठून येणार. छत्तीसगडच्या तमनारहून गोव्यात वीज आणायची 400 केव्ही लाइन मोलेच्या जंगलातून नवीन पट्टा तोडून न्यायची होती, लोक अडून बसले, शेवटी सुप्रीम कोर्टाच्या समितीनेच सांगितलं की आधीच्या 220 केव्ही लाइनच्या वाटेने न्या. गोव्याला वीज नको असं कोणी म्हणत नव्हतं, दुसरी वाट आहे का एवढंच विचारत होते.

रानमाणूस_पेडणे
खूप आभार माई आणि दादा. एकच अडचण, आमच्याकडे सभेत बोललेलं मिनिट्समध्ये येतच नाही, नंतर आपल्याला हवं तसं लिहितात.

सत्तरीची_माई
मग प्रश्न लेखी दे, सभेच्या आधी इनवर्ड करून शिक्का मारलेली कॉपी खिशात ठेव. उत्तर नाही आलं तर आरटीआय टाक, 30 दिवसांत द्यावंच लागतं. आणि झर आजपासून मोजायला लागा, पन्हळीखाली घागर ठेवायची, भरायला किती सेकंद लागले ते वहीत तारीख घालून लिहायचं, दर पंधरवड्याला, मे संपेपर्यंत. उद्या झर आटली तर 'आधीच कमी होती' म्हणायला ते मोकळे, तुझ्याकडे वही हवी.