दोन फुटी टाकीला 300 वॅटचा हीटर चालेल का?

गोदाकाठ: नाशिकला आहे. माशांची टाकी 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 15 इंच उंच. दोन लहान एंजल मासे, दहा निऑन टेट्रा (छोटे मासे), एक सकर (काचेला चिकटणारा मासा), मागे काचेला अडकवलेला हँग-ऑन फिल्टर. पहाटे पाणी 19 अंशांवर येतंय, एंजल कोपऱ्यात बसून राहतात. दुकानदार म्हणतो 300 वॅटचा घ्या, पाणी लवकर तापेल. घेऊ का?

टाकीवाला: नका घेऊ. तुमची टाकी अडीच घनफूट, म्हणजे 70 लिटर. खडी आणि वरची दोन इंच रिकामी जागा सोडली की खरं पाणी 57 लिटरच्या आसपास. पहाटे खोली 16 आणि पाणी 25-26 हवं, म्हणजे 9-10 अंशांचा फरक धरून ठेवायचाय. झाकण असलेल्या एवढ्या टाकीला त्यासाठी साधारण 70 वॅट लागतात.

50-50 वॅटचे दोन घ्या. कारण सांगतो. स्वस्त हीटरमध्ये थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची पट्टी. सारखं चालू-बंद होऊन तिचे पॉइंट ठिणगीने जळतात आणि कधीतरी एकमेकांना चिकटतात. मग हीटर बंदच होत नाही. 300 वॅटचा असा अडकला तर तासाला चार अंशांनी पाणी चढतं, अडीच-तीन तासांत 35. तुम्ही झोपेत असताना टाकी संपली. 50 वॅटचा अडकला तर खोलीपेक्षा सहा-सात अंश वर जाऊन थांबतो आणि तुम्हाला कळायला वेळ मिळतो. उलट एक जळून बंद पडला, तर दुसरा पाण्याचं तापमान एकदम पडू देत नाही. पाणी अचानक गार झालं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोकं वर काढतो, निऑनवर तर लगेच.

(एंजल मोठे झाले की निऑन खातात, तेही आत्ताच लक्षात घ्या.)

निळाशार: वॅटचं बरोबर आहे. आता बसवण्याचं.

एक हीटर फिल्टरच्या धारेजवळ, दुसरा समोरच्या टोकाला. आडवा किंवा तिरका, खडीपासून दोन इंच वर. उभा लावला की पाणी बदलताना वरचं टोक उघडं पडतं, काच कोरडी तापते आणि गार पाणी लागताच तडकते. खडीत पुरला तरी तडकतो. सकर आहे म्हणून प्लॅस्टिकची जाळी असलेलाच घ्या. तो हीटरला चिकटून बसतो आणि पोट भाजून घेतो.

पाण्यात सोडल्यावर अर्धा तास थांबून मग चालू करा. पाणी बदलायच्या 20 मिनिटं आधी बंद. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हीटरच्या आधी तो बसवा. ह्यात काटकसर नको. आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गोदाकाठ: दोन्ही हीटर 26 वर लावू? आणि पहाटे वीज गेली तर?

टाकीवाला: एक 26, दुसरा 25. पण डायलवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, एक-दोन अंश इकडेतिकडे असतो. काचेचा थर्मामीटर हीटरपासून लांबच्या टोकाला लावा. बाहेरून चिकटवायची पट्टी काचेचं तापमान दाखवते. आधी दोन्ही 24 वर, एक दिवस थांबून आकडा बघा, मग दिवसाला एकेक अंश वाढवा.

विजेसाठी मागच्या आणि बाजूच्या काचांना एक इंची थर्मोकोल लावा, झाकण पूर्ण हवं. दोन-तीन तासांत पाण्याचं तापमान फारसं उतरत नाही. त्या वेळी गरम पाणी ओतू नका. बॅटरीवरचा एअर पंप मात्र ठेवा, फिल्टर बंद पडल्यावर माशांना आधी हवा कमी पडते.

निळाशार: पाणी 27 च्या वर आणि तरी हीटरचा दिवा लागलेलाच दिसला, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. तो फेकायचा.