क्रूझच्या आधी मुंबईत एकच दिवस आहे, आईला काय दाखवू?

सावद्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी सावद्याची, ता. रावेर. जानेवारीत आई-बाबांना मुंबई-गोवा क्रूझला घेऊन जायचं आहे. तिकिटं भावाने काढली, तो बाहेरदेशी असतो. सोबत मी एकटीच. बुधवारी रात्री भुसावळहून बसतो, गुरुवारी सकाळी सीएसएमटीला उतरतो. जहाजावर चढायची वेळ शुक्रवारी दुपारी १ ते ३. लॉज फोर्टमध्ये घेतलं आहे. म्हणजे गुरुवार अख्खा मोकळा.

आई ६७ वर्षांची. जन्म केळीच्या मळ्यात गेला. चिकाचे काळे डाग पडून पडून तिच्या दोन्ही हातांची बोटं आता त्याच रंगाची झाली आहेत, लग्नाकार्यात ती पदराखाली हात घेते. तिने समुद्र पाहिलेला नाही. दर महाशिवरात्रीला चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर जाते, तेवढंच मोठं पाणी तिला माहीत. परवा म्हणाली, "मले बोटीचं काही नाही, समुद्र पाहू दे."

बाबांचे गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. भावाने अकरा ठिकाणांची यादी पाठवली आहे: घारापुरी, हाजीअली, सी लिंक, जुहू, राणीचा बाग, सगळंच. मी स्वतः मुंबईत दोनदाच गेले, दोन्ही वेळा परीक्षेला. काय ठेवू, काय काढू? आईचा दिवस वाया जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

प्रवासी_जळगाव

दिवसभराची गाडी ठरवा. सकाळी सिद्धिविनायक, मग सी लिंक, जुहू, येताना हाजीअली, संध्याकाळी गेटवे. आम्ही तसंच केलं होतं, सगळं होतं एका दिवसात.

भुसावळ_टीसी

ताई, मी रेल्वेत टीसी होतो, आता निवृत्त. मेल-एक्स्प्रेस घेऊन मुंबईला जायचो आणि परतीच्या गाडीपर्यंत जो आराम मिळायचा त्यात झोपण्याऐवजी स्टेशनाबाहेर पायी फिरायचो. जवळपास वीस वर्षं तोच एक भाग पाहिला, म्हणून सांगतो.

गाडी करून सगळं होतं हे खरं, पण ते काचेतून होतं. सकाळी अकराला दादर-वरळीच्या गर्दीत अडकलात की तुमच्या आई मुंबई म्हणून समोरच्या टेम्पोचा मागचा भाग बघतील. तुमचं जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं, ते सीएसएमटीपासून दीड किलोमीटरवर. लॉज फोर्टमध्ये. मग दिवसही त्याच भागात घालवा.

घारापुरी आधी काढा. गेटवेहून लाँचने तास, उतरल्यावर शंभरावर पायऱ्या, परत यायला रांग, आणि सोमवारी बंद. महेशमूर्ती पाहण्यासारखीच आहे, सहा मीटरच्या आसपास उंच एकसंध खडकात कोरलेली, त्यात वाद नाही. पण आपण अजिंठ्याच्या दारातली माणसं. जळगावपासून ६० किलोमीटरवर आपल्याकडे जे आहे ते बाबांना पुन्हा निवांत दाखवा, गुडघे बरे असतील तेव्हा. मी स्वतः ही चूक केली आहे. आम्ही क्रूझला गेलो तेव्हा बोर्डिंगच्याच सकाळी घारापुरीला गेलो. परतीच्या लाँचला एवढी गर्दी की धक्क्यावर दीड तास उन्हात उभे राहिलो. जहाजाच्या काउंटरवर पोहोचलो तेव्हा आमच्या मागे कोणीच नव्हतं. मंडळींच्या बीपीच्या गोळ्या लॉजवरच्या बॅगेत, ती बॅग आणायला मुलगा धावला. जहाज मिळालं, पण पहिली रात्र तिला चक्कर येत राहिली आणि मी स्वतःला दोष देत बसलो.

आता काय पाहायचं. गाडीतून उतरलात की लगेच बाहेर पळू नका. सीएसएमटी बाहेरून पाहायला रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीकडे उभं राहावं लागतं. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. स्टेशन १८८७ चं, महापालिका १८९३ ची. स्टेशनच्या फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. आईंना ते दाखवा, लहान-मोठ्या सगळ्यांना ते आवडतात. नाश्ता समोरच पंचम पुरीवाल्याकडे.

मग बॅलार्ड इस्टेट. हे कोणी यादीत घालत नाही, पण मला सगळ्यात जवळचं तेच वाटतं. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर ही वसाहत उभी राहिली. १९१४ ते १९१८ चं काम. सावलीचे सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या दगडी इमारती, सकाळी नऊच्या आधी माणूस नाही. बाबा सपाट रस्त्यावर आरामात चालतील. आणि इथेच बॅलार्ड पिअर मोल स्टेशन होतं. विलायतेची बोट लागायची, उतरलेले साहेब नि टपालाच्या थैल्या धक्क्यावरूनच रेल्वेत चढायच्या. आपली पंजाब मेल १९१२ मध्ये सुरू झाली ती याच धक्क्यावरून, पेशावरपर्यंत. दोन वर्षांनी ती व्हीटीवरून, म्हणजे आताच्या सीएसएमटीवरून, सुटू लागली. ज्या गाडीला भुसावळात मी शेकडो वेळा चढलो तिचा पहिला फलाट समुद्राला लागून होता, हे मला नोकरीला पंधरा वर्षं झाल्यावर कळलं. त्या दिवशी मी तिथल्या कठड्यावर तासभर बसून होतो. तुम्ही त्याच जागेवरून बोटीत चढणार आहात, म्हणून आधी तिथून चालत जा.

दुपारी जेवून लॉजवर झोपा. चारनंतर गेटवे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला तेव्हा ही कमान उभी नव्हतीच, पुठ्ठ्याची होती. खरी १९२४ ला झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून बोटीत बसून गेली. वाटेत हुतात्मा चौक लागेल. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांचं स्मारक, तिथे टॅक्सी थांबवून दोन मिनिटं उतरा. आपल्याकडच्या माणसांना तिथे बेचाळीसच्या लढ्यात गोळी खाल्लेला नंदुरबारचा शिरीषकुमार आठवतो, बाबांना नक्की आठवेल.

पारोळ्याची_गिरगावात

टीसी काकांनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली. आईला समुद्र पाहायचा आहे ना? गेटवेला खाली पाणी आहे, पण तिथे कठडा आणि लाँचची गर्दी. जहाजावरून पाणी सात-आठ मजले खाली. समुद्रावर तीन दिवस राहून परत याल आणि आईच्या बोटाला समुद्र लागलेला नसेल. गुरुवारी संध्याकाळी गिरगाव चौपाटीला न्या. वाळू आहे, उतार मंद आहे, पाय भिजवता येतात. फोर्टमधून काळी-पिवळी करा, मीटरने या, किमान भाडं ३१ रुपये आहे, तिथपर्यंत फार होत नाही.

फक्त पाण्याची वेळ बघा. ओहोटीला पाणी आत जातं आणि ओली चिखलट वाळू तुडवावी लागते, गुडघेवाल्यांना ते नको. आमच्या शेजारच्या आजी सांगायच्या, तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. तुमच्या बाबांच्या पिढीला पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, पाठ असते, त्यांनाच विचारा. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोहोचलात तर पाणी चढतं असतं, वाळूही मोकळी असते. जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला बुडतो, त्याच्या आधी अर्धा तास हाताशी ठेवा.

पाण्यात घोट्यापर्यंतच, पुढे नाही. आणि आईचा हात धरून ठेवा. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला वाटतं आपणच सरकतोय.

सिद्धिविनायक हवाच असेल तर सीएसएमटीहून भुयारी मेट्रो ३ ने जा, सिद्धिविनायक नावाचंच स्टेशन आहे, लिफ्ट आहेत. मंगळवार नाही म्हणजे रांग सुसह्य असते. पण मग दुपारची झोप जाईल, ते तुम्ही ठरवा.

चाळीसगावकर७

जहाजाचं थोडं. टॅक्सीवाल्याला "क्रूझ" एवढंच सांगू नका. आमच्या एजंटाने आम्हाला भाऊचा धक्का सांगितलं, चार माणसं नि सहा बॅगा घेऊन तिथे उतरलो, मग माझगावहून परत बॅलार्ड पिअर. तिकिटावर जे गेट लिहिलं आहे तेच सांगा. आम्हाला ग्रीन गेट लिहून आलं होतं.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात, चिठ्ठी लावून खोलीपर्यंत पोहोचवतात, पण त्याला वेळ लागतो. औषधं, चष्मा, आधार कार्ड, एक साडी हातातल्या पिशवीत. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड नेऊ नका, काढून घेतात. घरचं खाणं नेता येईल का ते तिकिटाच्या नियमांत बघा, आमच्या वेळी नव्हतं चालत. कळण्याची भाकरी-ठेचा असेल तर गाडीतच संपवा.

लॉज शुक्रवारी किती वाजता सोडायचं तेही विचारून ठेवा. मधला वेळ सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवता येतं, बॅगेला कुलूप लागतं आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. भुसावळचं तिकीट फेकू नका.

भुसावळ_टीसी

गिरगावच्या ताईंचं पटलं, गेटवेपेक्षा चौपाटी आधी. आईंना आणखी एक सांगा. चांगदेवला त्या ज्या पाण्यात उभ्या राहतात ते पुढे भुसावळ, प्रकाशा करत सुरतेच्या पुढे याच समुद्राला मिळतं. अगदीच अनोळखी पाणी नाही ते.

सावद्याची_लेक

आम्ही परवा परत आलो. सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत म्हणून कळवते.

भावाची यादी बाजूला ठेवली, तो आधी थोडा नाराज झाला. सकाळी स्टेशन, पुरी-भाजी, मग बॅलार्ड इस्टेट. बाबा एसटीत कंडक्टर होते. पंजाब मेलचं सांगितल्यावर ते धक्क्याच्या बाजूच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबले, टपाल कसं चढवत असतील ते मला हाताने दाखवत होते. दुपारी झोप. सिद्धिविनायक केला नाही, आईच म्हणाली परतताना बघू. हुतात्मा चौकात बाबांनी चपला काढल्या.

चौपाटीची वेळ बाबांनीच काढली. दशमी होती. "दहा पाऊणे साडेसात," लगेच म्हणाले. साडेपाचला पोहोचलो, पाणी चढतं होतं. आईने चपला हातात घेतल्या आणि कोणाकडे दिल्या नाहीत. पहिली लाट आली तेव्हा तिने माझं मनगट एवढं दाबलं की बांगडी रुतली. मग स्वतःच दोन पावलं पुढे गेली, वाकली, आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून तसेच ठेवले. मी तापीचं सांगितलं. ती काही बोलली नाही. परतताना टॅक्सीत तिचे हात मांडीवर उघडे होते.

जहाजावर दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर खुर्च्या मिळाल्या. सगळे गोव्याचा किनारा कुठे दिसतो ते पाहत होते. आईने तिथल्या पोराला विचारायला लावलं, सुरत कोणत्या बाजूला. त्याने जहाजाच्या मागे हात केला. तिने खुर्ची फिरवून घेतली आणि जेवणाची घंटा होईपर्यंत तिकडे तोंड करून बसली.